झिलई गेली कुठे?

ज्या काळी राजे घोड्यावरून गावोगाव फिरून लोकांची विचारपूस करत आणि कुंभाराचे चाक थांबले तर गावाची तहान अडून राही, त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांना ती सहज कळेल. मोठ्यांना ऐकताना थोडा त्रास होईल, पण त्यांनी मध्येच उठून जाऊ नये.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. डोंगराच्या पोटात चांदीची खाण होती. खाणीतला जड, काळा, चमकता दगड भट्टीत वितळवायचा, त्यातून चांदी काढायची आणि उरलेले टाकून द्यायचे, हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. राजा प्रजेवर माया करणारा होता. नगर सुखी होते.

नगराच्या कडेला सटवा नावाचा एक कुंभार राहत होता. घरी त्याची बायको भिवरा आणि लहानगी मुलगी चिमा. चिमाला नुकतेच बोलणे फुटले होते आणि एकदा फुटले ते थांबायला तयार नव्हते. सकाळी डोळे उघडल्यापासून ती कोंबड्यांशी बोले, चिखलाच्या गोळ्यांशी बोले, बापाच्या फिरत्या चाकाशी बोले. शेजारणी कामे टाकून तिचे बोबडे बोल ऐकायला येत.

सटवाच्या हातात कसब होते. त्याच्या मडक्याला टिचकी मारली की स्वच्छ नाद येई. पण मातीचा स्वभाव मातीपाशी. मडके पाझरे. पाणी गार व्हायला ते बरे, पण तेल ठेवले तर बुडाशी थारोळे साचे, आणि लोणचे घातले तर पावसाळ्यात त्याला बुरशी धरे. पितळेच्या भांड्यात आंबट कळकते हे घरोघरी ठाऊक होते, त्यामुळे आंबटासाठी मातीशिवाय दुसरी सोय नव्हती. येता-जाता बायका सटवाला बोलून दाखवत. तो हसून ऐकून घेई, पण ते बोलणे त्याच्या मनाला लागे.

एकदा तो सरपण आणायला डोंगरावर गेला. तिथे भट्ट्यांच्या मागे त्याला पिवळसर-तांबूस पापुद्र्यांचा मोठा ढीग दिसला. चांदी वेगळी केल्यावर मागे उरणारी ती राख. खाणीवरचे लोक तिला मुरदाडशिंग म्हणत. सटवाला तिचा रंग आवडला. थोडी नेऊ का, असे त्याने भट्टीवरच्या म्हाताऱ्याला विचारले. म्हातारा म्हणाला की हवी तेवढी ने, या ढिगाखाली गवतसुद्धा उगवत नाही, तेवढीच आमची जागा मोकळी होईल. सटवाने टोपली भरून घेतली. गवत का उगवत नाही, हे मात्र त्याने विचारले नाही.

घरी येऊन त्याने ती राख कुटली, पाण्यात कालवली आणि एका बरणीला आतून-बाहेरून लावून बरणी भट्टीत ठेवली. भट्टी निवल्यावर त्याने बरणी बाहेर काढली आणि तो बघतच राहिला. मातीवर काचेसारखी झिलई चढली होती. रंग ताज्या मधाचा. बोट फिरवावे तर ते घसरून जावे. त्याने बरणीत पाणी भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी बाहेरून बरणी कोरडी ठणठणीत. तेल भरले, तरी थेंब बाहेर आला नाही. कैरीचे लोणचे घातले, ते पावसाळा उलटला तरी जसेच्या तसे राहिले.

ती पहिली बरणी भिवराने विकू दिली नाही. त्याच झिलईचा एक वाडगाही तिने करून घेतला. चिमाला रोज सकाळी आंबील लागे. आदल्या दिवशी आंबवलेले पीठ त्या बरणीत राही आणि सकाळी तिची आंबील त्या वाडग्यात. वाडग्याच्या बुडाशी आपला चेहरा दिसतो म्हणून चिमा तो चाटूनपुसून रिकामा करी. आई-बापांना ते बघून भरून येई.

बरण्यांची बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी शेजारपाजार, मग सगळे नगर, मग बाजाराच्या दिवशी दूरदूरची माणसे. शेवटी एक बरणी राजवाड्यात पोहोचली. राजाने तिच्या आतून बोट फिरवले आणि सटवाला बोलावून घेतले. भर दरबारात त्याला शेला पांघरला. आणि राजाने आणखी एक गोष्ट केली. त्याला वाटले, इतकी चांगली वस्तू फक्त वाड्यात का असावी? त्याने हुकूम काढला की राज्यात जी मुलगी लग्न होऊन सासरी जाईल, तिच्याबरोबर राजाकडून एक झिलईची बरणी आहेर म्हणून जाईल. लोकांनी राजाला दुवा दिला.

सटवाच्या अंगणात आता सकाळपासून राख कुटली जाई. ती पिवळी धूळ चुलीवर बसे, अंथरुणावर बसे, चिमाच्या केसांत बसे. भिवरा हसून ती झटकून टाकी.

वर्ष सरले आणि नगरात एक विचित्र दुखणे आले.

ते पटकीसारखे एका झटक्यात आले नाही. हळूहळू आले. माणसांच्या पोटात पीळ पडू लागला, असा की धडधाकट माणूस जमिनीवर गडबडा लोळे. शौचाला होईना. अन्न नको वाटे. चेहरे पांढरेफटक पडले. ज्या घरांत कधी वर आवाज ऐकू आला नव्हता, त्या घरांत माणसे एकमेकांवर खेकसू लागली. दिवस गेलेल्या बायकांची बाळे पोटातच जाऊ लागली, आणि त्यातही नुकत्याच सासरी आलेल्या मुलींची जास्त. सासवा सुनांच्या पायगुणाला बोल लावू लागल्या. सुना रडू लागल्या. आहेराच्या बरणीकडे कुणाचे लक्ष गेले नाही, कारण ती तर घरातली सगळ्यात सुंदर वस्तू होती.

सटवाच्या घरात दुखणे वेगळ्या वाटेने आले. चिमा बोलेनाशी झाली.

आधी ती कोंबड्यांशी बोलायची थांबली. भिवराला वाटले, मूल मोठे होतेय. मग तिचे शब्द गळू लागले. काल येत असलेला शब्द आज तिला सापडेना. ती ओठ हलवी, बोटाने दाखवी आणि मग चिडून जमिनीवर डोके आपटी. शेवटी नुसते ‘आई’ एवढेच उरले. भिवराने नवस बोलले, दृष्ट काढली, आणि लेकीच्या अंगात शक्ती यावी म्हणून आंबील वाढवली. सटवाच्या स्वतःच्या हातालाही काहीतरी झाले होते. उजवा पंजा मनगटापासून सैल पडे आणि चाकावर धरलेला मातीचा गोळा वाकडा जाई. सतत राबून हात थकला असेल, असे म्हणून तो तेल चोळी आणि पुन्हा कामाला बसे.

राजवाड्यातही सुख नव्हते. राजाचा मुलगा चिमाएवढाच. त्याला कैरीचे पन्हे फार आवडे. ते त्याच्या उशाशी झिलईच्या बरणीत भरलेले असे. मुलगा आधी मरगळला, मग त्याला झटके येऊ लागले. राजा रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून राही. राजवैद्य म्हातारे आणि सच्चे होते. त्यांनी अन्न तपासले, पाणी तपासले, आणि मला ठाऊक असलेले कुठलेही विष यात सापडत नाही, असे स्पष्ट सांगितले. पण घाबरलेल्या बापाला एवढे पुरत नाही. त्याला नाव हवे असते.

नाव सापडले. वाड्याच्या मुदपाकखान्यात तान्हाई नावाची म्हातारी स्वयंपाकीण होती. तिने राजालाही लहानपणी भरवले होते. राजपुत्र फक्त तिच्या हातचे खात होता. तेवढा पुरावा लोकांना पुरला. खुद्द तान्हाईही पोट धरून बसत होती, तिचाही रंग उडाला होता, पण ते कुणी मनावर घेतले नाही. तिला तुरुंगात टाकले. मुलगा तरीही बरा होईना. तेव्हा लोक म्हणू लागले की म्हातारी आतून करणी करते. राजाने जाहीर केले की अमावास्येनंतर दरबारात निवाडा होईल, आणि दोष सिद्ध झाला तर तान्हाईचा कडेलोट.

त्याच सुमारास सटवाची राख संपली म्हणून तो डोंगरावर गेला. भट्टीवरचा म्हातारा सावलीला बसला होता. आता त्याला उठता येत नव्हते. दोन्ही पंजे मनगटापासून खाली लोंबत होते, मेलेल्या पाखराच्या मानेसारखे. सटवाला ओळखून तो हसला. हसताना त्याच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेने, एक निळसर-काळी रेघ होती. जणू कुणी काजळाची काडी फिरवली होती.

सटवाने विचारले, हे काय आहे.

म्हाताऱ्याने सांगितले की भट्टीवर जो जास्त वर्षे राहतो त्याला ही रेघ येते. आधी पोट पिळवटते, मग रेघ येते, मग हात जातात. त्याच्या बापाचे असेच झाले होते, मोठ्या भावाचेही. खाणीवर सगळ्यांना हे ठाऊक होते. खालच्या नगरात कुणाला ठाऊक नव्हते, कारण खालच्या नगरातून कुणी कधी विचारायला आले नव्हते.

सटवाने टोपली तिथेच टाकली. डोंगर तो कसा उतरला हे त्याला नंतर आठवले नाही. भर दुपारी तो घरात शिरला, ओट्यावर बसलेल्या चिमाला त्याने मांडीवर घेतले आणि तिचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला.

तिथे ती रेघ होती.

इवल्या इवल्या दुधाच्या दातांच्या मुळाशी, केसाएवढी बारीक, निळसर-काळी. चिमा बापाकडे बघत होती. तिला वाटले, बाप खेळतोय. ती हसली.

सटवाने तिला खाली ठेवले. तो कोपऱ्यातल्या बरणीकडे गेला, त्या पहिल्या बरणीकडे. आतले आंबवलेले पीठ त्याने उकिरड्यावर ओतले, बरणी धुतली आणि आत हात घातला. त्याची बोटे घसरली नाहीत. आतली बाजू खरबरीत लागत होती, ओल्या वाळूवरून हात फिरवावा तशी. त्याने बरणी उजेडात धरून पाहिली. बाहेरून ती अजून मधासारखी चमकत होती. आतून मात्र मेणचट, पांढुरकी, निस्तेज झाली होती. शेजारीच तुरीच्या डाळीची बरणी होती, पहिलीच्या मागोमाग भट्टीतून निघालेली. त्याने डाळ चटईवर ओतली आणि हात घातला. ती आतून आरशासारखी गुळगुळीत होती.

दोन्ही बरण्या एकाच हाताच्या, राख एकाच ढिगातली. कोरड्या डाळीने झिलईला धक्का लावला नव्हता. आंबटाने ती खाल्ली होती. आणि खाऊन संपलेली झिलई कुठेतरी गेली होती.

भिवरा पाण्याची कळशी घेऊन दारात आली. चटईवर डाळ पसरलेली, नवरा दोन बरण्यांमध्ये बसलेला, त्याचे तोंड राखेसारखे झालेले. तिने विचारले, काय झाले. त्याने तिचा हात धरला आणि आधी एका बरणीत घातला, मग दुसऱ्या. तिला काही कळेना.

“झिलई गेली कुठे, सांग,” सटवा म्हणाला.

भिवराने बरणीत डोकावून पाहिले. मग तिची नजर हळूच चिमाकडे वळली. तिने कळशी खाली ठेवली आणि ती भिंतीला टेकून बसली.

“मी तिला भरवली,” ती म्हणाली. “तोंड फिरवायची, तरी भरवली.”

ती रडली नाही. रडण्याच्याही पलीकडचे काहीतरी तिला झाले होते. चिमा त्यांच्यामध्ये डाळीचे दाणे वेचत होती.

ऊन कलल्यावर सटवाने हळू आवाजात मनातले सांगितले. परवा तान्हाईचा निवाडा आहे. आपण गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही, आपल्या लेकीला आंबील देणे बंद करू, राख आणणे बंद करू, राख संपली म्हणून सांगू. आणि बोललो तर राजा कडेलोट करेल तो तान्हाईचा नव्हे, माझा. भिवराने सगळे ऐकून घेतले. मग तिने उठून ती खरबरीत झालेली बरणी आपल्या जुन्या लुगड्यात बांधली आणि गाठोडे त्याच्या पुढ्यात ठेवले.

“घराघरांत पोरं आंबील पिताहेत,” ती एवढेच म्हणाली.

निवाड्याच्या दिवशी दरबार खच्चून भरला होता. लोक बसायचे तसे बसले होते, पण पोट धरून, वाकून. राजा सिंहासनावर पांढराफटक दिसत होता. त्याने तान्हाईला आणायला सांगितले.

तान्हाई आली आणि सगळ्या दरबारात कुजबुज उठली. तुरुंगात टाकली तेव्हा तिला दोघांनी धरून न्यावे लागले होते. आता ती आपल्या पायांनी चालत आली. पाठ ताठ, गालांवर रंग, नजर स्वच्छ. प्रधानाने तिच्याकडे बोट दाखवून म्हटले की महाराज, आता साक्षीपुराव्याची गरजच उरली नाही. सगळे नगर झिजत चालले आहे आणि तुरुंगात कोंडलेली ही एकटी भरत चालली आहे. ही चेटूक करत नसेल तर दुसरे काय? दरबारी माना डोलावू लागले. राजाने डोळे मिटले. आता तो हुकूम देणार, एवढ्यात सटवा गर्दीतून पुढे आला.

त्याने राजाला मुजरा केला आणि तान्हाईला एकच प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. राजाने मान हलवली. सटवाने विचारले, तुरुंगात तुम्ही कशातून जेवता?

तान्हाईला प्रश्नाचे नवल वाटले. तिने सांगितले की कैद्याला काय मिळणार, साधे मातीचे परळ, पाझरणारे. पाणीही मातीच्या गाडग्यातून. झिलईची भांडी चोरांना कोण देतो?

मग सटवाने तुरुंगाच्या रखवालदाराला विचारले की इतर कैद्यांपैकी कुणाचे पोट दुखते का. रखवालदाराने बोटांवर कैदी मोजले. मग चाचरत म्हणाला की नाही. त्याचे स्वतःचे दुखते, घरच्यांचे दुखते, पण कैद्यांपैकी कुणाचे नाही.

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. सगळ्या नगरात निरोगी घर एकच होते, आणि ते तुरुंग होते.

सटवाने गाठोडे सोडले. त्याने सगळे सांगितले. डोंगरावरचा ढीग, म्हाताऱ्याचे लोंबणारे पंजे, हिरडीवरची रेघ, आपल्या मुलीचे तोंड. सांगताना त्याने काही गाळले नाही. शेवटी तो म्हणाला, “विष तान्हाईने घातलं नाही, महाराज. विष मी केलं. माझ्या हातांनी.”

प्रधानाला हे खोटे वाटले. राजाने मात्र कुणाशी न बोलता राजपुत्राच्या खोलीतली पन्ह्याची बरणी मागवली. ती दरबारातच उलटी करून रिकामी केली. राजाने बाही सारली, आत हात घातला, आणि त्याचा हात तिथेच थांबला. बरण्या आल्या तेव्हा याच बोटांनी त्याने तो गुळगुळीतपणा अनुभवला होता. आता तिथे नुसती खरबरीत माती होती.

त्याने हात बाहेर काढला आणि आपल्या बोटांकडे बघत राहिला.

“ही बरणी त्याच्या उशाशी मीच ठेवली होती,” राजा म्हणाला.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली, आणि ज्यांनी त्या क्षणी त्याचा चेहरा पाहिला ते पुढे कित्येक वर्षे त्याबद्दल बोलत. राज्यातल्या प्रत्येक नव्या नवरीच्या हातात त्याने स्वतः एक बरणी दिली होती. कौतुकाने. आशीर्वाद म्हणून.

राजवैद्य काठी टेकत पुढे आले. त्यांनी बरणीच्या कडेला नख लावून पाहिले. मग म्हणाले, “मुरदाडशिंग म्हणजे शिशाची राख. माणसाच्या अंगाला लोह लागतं, मीठ लागतं, हाडांना चुना लागतो. माती-दगडातलं पुष्कळ काही चिमूटभर अन्नातून पोटात जातं आणि आपल्याला जगवतं. शिशाचं मात्र शरीरात काहीच काम नाही. पण शरीराला ते ओळखता येत नाही. ते त्याला चुना समजून हाडात बसवून घेतं. लहान मुलांची हाडं वाढती, म्हणून ती जास्त घेतात. मी अन्नात विष शोधत राहिलो. भांडं चाखून बघावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.”

सटवा खाली मान घालून शिक्षेची वाट बघत होता. त्याने स्वतःच सांगितले की कडा तयार आहे, मीही तयार आहे. तेव्हा ज्या बाईचा जीव जाणार होता, तीच तान्हाई बोलली.

“आधी घराघरांतल्या बरण्या हलवा,” ती म्हणाली. “कुणाला काय शिक्षा, ते मागाहून ठरवा. पोरांच्या जेवणाची वेळ झालीय.”

त्या दुपारी नगरात दवंडी फिरली. बायका हातातला घास टाकून बरण्यांकडे धावल्या, आत हात घालून बघू लागल्या. मग हळूहळू घराघरांतून हुंदके ऐकू येऊ लागले. सुनांना बोल लावणाऱ्या सासवा सुनांपुढे उभ्या राहिल्या आणि आहेराच्या बरण्या त्यांनी स्वतः उचलून नेल्या. नदीपासून दूर, जिथे विहीर नव्हती अशा जागी एक खोल खड्डा खणला आणि मधाच्या रंगाच्या बरण्यांनी तो भरून गेला.

सगळ्यांनी आपणहून दिल्या असे मात्र नाही. एका बाईने आईची शेवटची आठवण म्हणून बरणी लपवून ठेवली आणि त्या वर्षी तिचे दुसरे बाळही गेले. एका व्यापाऱ्याने आपला सगळा माल बैलांवर लादून शेजारच्या राज्यात विकायला पाठवला. तिथे तर कुणाला काही ठाऊक नव्हते. राजाने मागोमाग स्वार पाठवले. काही बरण्या हाती लागल्या. काही तोवर घरांत पोहोचल्या होत्या, आणि त्या कुणाच्या घरांत हे कधीच कळले नाही.

राजाने सटवाचा कडेलोट केला नाही. तो म्हणाला की शिक्षा द्यायची तर माझ्यापासून सुरुवात करावी लागेल, चांदी माझी, भट्टी माझी, आहेरही माझा. त्याने भट्ट्या वस्तीपासून आणि ओढ्यापासून लांब नेल्या. खाणीवरच्या माणसांचे आजार त्याने पहिल्यांदाच विचारून घेतले. भट्टीवरचा म्हातारा तोवर गेला होता.

वैद्यांनी नगराला दूध, नाचणी, तीळ आणि पालेभाजी खायला सांगितली, म्हणजे हाडांना खरा चुना मिळेल आणि खोट्याला जागा उरणार नाही. भाजी लोखंडी कढईत शिजवायला सांगितली, म्हणजे रक्ताला रंग चढेल. महिने गेले. मोठ्यांच्या पोटातला पीळ सुटला. नव्या सुनांची बाळे जगू लागली. राजपुत्राचे झटके थांबले. तान्हाई पुन्हा मुदपाकखान्यात गेली, पण राजा तिच्या हातचे जेवताना कधी मान वर करून तिच्याकडे बघू शकला नाही.

सगळेच परत आले नाही. राजपुत्राला धडे पाठ व्हायला इतर मुलांहून फार वेळ लागे. आणि चिमाचे शब्द परतले, पण थोडे, आणि एकेकटे. भिवरा रोज तिच्यासमोर बसून एकेक वस्तू दाखवी आणि नाव सांगे. एखाद्या दिवशी एक शब्द येई, मग पुष्कळ दिवस काही नाही. चिमा मोठी झाली, गुणी झाली, पण तिचे वाक्य मध्येच थांबे आणि ती समोरच्याकडे बघत राही, जणू पुढचा शब्द त्याच्यापाशी राहून गेला आहे.

सटवा पुन्हा साधी मडकी करू लागला. त्याचा हात पुरता सरळ झाला नाही, त्यामुळे मडकीही जराशी वाकडी होत. लोक तीच घेत. कुणी त्याला दोष देत नसे. कधी एखादा शेजारी जवळ बसून समजूत घाली, की सटवा, तुला कुठे माहीत होतं, तू तर सगळ्यांचं भलंच करायला गेलास.

सटवा चाक थांबवी. अंगणात बसलेल्या आपल्या अबोल लेकीकडे बघे.

“माहीत नव्हतं, हे खरं,” तो म्हणे. “पण मी विचारलंही नव्हतं.”

तात्पर्य: जे रोज आपल्या पोटात जाते ते डोळ्यांना आवडले म्हणून स्वीकारू नये, ते कशाचे केले आहे, हे आधी विचारावे.